घर कोणाला मिळते, हे कोण ठरवते? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सदराकडे आलेली बहुतेक पत्रे घराविषयी आहेत. घरांच्या किमती परवडत नाहीत, हे गाऱ्हाणे त्यांत आहेच. परंतु पत्रे बारकाईने वाचली की दुसरीच एक गोष्ट वारंवार समोर येते. पैशांची जुळवाजुळव सुरू होण्याच्या आधीच महापालिकेच्या, म्हाडाच्या किंवा झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या एखाद्या नियमाने त्या कुटुंबाला रांगेबाहेर काढलेले असते. तो नियम नेमका कोणता, तो कोणी केला आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागायची, हे त्यांना कोणीही समजावून सांगितलेले नसते. म्हणून या वेळी किमतींचा विषय बाजूला ठेवून नियमांविषयीची पत्रे उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या भागात गेल्या काही वर्षांत मोठमोठे गृहप्रकल्प उभे राहिले. अशा प्रकल्पांतली 20 टक्के घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ठेवावी लागतात, असे ऐकले होते. मी कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. एका प्रकल्पाच्या विक्री कार्यालयात चौकशी केली, तर ‘आमच्याकडे तशी घरे नाहीत’ एवढेच उत्तर मिळाले. हा नियम खरा आहे का, आणि असेल तर ती घरे जातात कोठे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नियम खरा आहे. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिका क्षेत्रांसाठी राज्य सरकारने तो 2013 साली आणला आणि 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही तो कायम ठेवला. भूखंड 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल, तर विकासकाला मूळ चटईक्षेत्राच्या (भूखंडावर मुळात परवानगी असलेल्या बांधकामाच्या क्षेत्राच्या) 20 टक्के इतकी घरे आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी बांधावी लागतात. ही घरे साधारण 30 ते 50 चौरस मीटरची असतात. विकासकाने ती आपल्या विक्री कार्यालयातून विकायची नसतात. त्यांची माहिती म्हाडाला कळवायची असते आणि म्हाडा सोडत काढून लाभार्थी ठरवते. तेव्हा विक्री कार्यालयात आपल्याला मिळालेले उत्तर शब्दशः खरेही असू शकेल. ती घरे तेथे विक्रीला नसतातच, पण ती कोठे आहेत, हे सांगण्याची तसदी तेथील माणसाने घेतली नाही.

मात्र ती घरे मुळात बांधलीच गेली नाहीत, अशीही शक्यता आहे आणि आपल्या शहरात ती नाकारता येत नाही. नाशिकमधील विकासकांनी ही घरे म्हाडाकडे दिलीच नाहीत, हा आरोप 2022 च्या सुरुवातीला तत्कालीन गृहनिर्माण मंत्र्यांनीच जाहीरपणे केला होता आणि तो विषय पुढे विधिमंडळातही गाजला. त्या वादात नियमाला बगल देण्याची जी पद्धत चर्चेत आली, ती समजून घेण्यासारखी आहे. समजा, एखाद्या मालकाकडे एक हेक्टर, म्हणजे 10,000 चौरस मीटर जमीन आहे. तिचा एकच प्रकल्प आराखडा मंजुरीला दिला, तर 20 टक्क्यांची अट लागू होते. त्याच जमिनीचे 3,900, 3,800 आणि 2,300 चौरस मीटरचे तीन तुकडे करून, तीन वेगवेगळ्या नावांनी, काही महिन्यांच्या अंतराने तीन नकाशे दाखल केले, तर प्रत्येक नकाशा 4000 च्या खाली राहतो आणि कागदावर कोणताही नियम मोडत नाही. पुढे तिन्ही इमारतींना प्रवेशद्वार एक, बगीचा एक आणि जाहिरातही एकच असते. नगररचना विभागातल्या ज्या टेबलावरून हे तीन नकाशे पुढे सरकतात, तेथे मूळ गट क्रमांक शेजारी ठेवून पाहिला तर ही गोष्ट पाच मिनिटांत लक्षात येण्यासारखी आहे. ती लक्षात येत नसेल, तर दोष नियमाच्या शब्दांपेक्षा तो राबवणाऱ्यांच्या नजरेचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपण काय करू शकता, ते पाहू. ज्या प्रकल्पाविषयी शंका आहे, त्याचा मंजूर नकाशा महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकाखाली सापडतो. त्यातला गट किंवा सर्व्हे क्रमांक टिपून घ्यावा, त्या क्रमांकाचा सातबारा काढावा आणि मूळ क्षेत्र किती होते व त्याचे पोटहिस्से कधी पडले, ते पाहावे. त्यानंतर महापालिकेच्या नगररचना विभागाकडे माहितीच्या अधिकाराखाली नेमके प्रश्न विचारावेत : या गटावर आजवर किती अभिन्यास (जागेच्या मांडणीचे आराखडे) मंजूर झाले, त्यांना 20 टक्क्यांची तरतूद लागू केली का, केली नसल्यास कोणत्या कारणाने, आणि लागू केली असल्यास म्हाडाला कोणत्या तारखेच्या पत्राने कळवले. ‘सर्व प्रकल्पांची माहिती द्या’ असा मोघम अर्ज केला, तर माहिती विस्तृत असल्याचे कारण देऊन तो बहुधा परत येतो. हाच अर्ज म्हाडाच्या नाशिक मंडळाकडेही करावा, कारण दोन कार्यालयांच्या उत्तरांतला फरक पुष्कळ काही सांगून जातो. प्रकल्पातील इतर इमारतींचा भोगवटा दाखला (राहायला येण्याची परवानगी) या राखीव घरांच्या पूर्ततेशी जोडलेला असतो, म्हणून दाखला मिळण्याच्या आधी केलेल्या तक्रारीला वजन असते. लोक राहायला आल्यावर महापालिकेच्या हातात फारसे काही उरत नाही.

आपल्यासारख्या कंत्राटी कामगारांची आणखी एक अडचण असते आणि ती नियमात कोठेच दिसत नाही. सोडतीत घर लागले, तरी पगार रोखीत मिळत असल्यामुळे बँक कर्ज देत नाही आणि लागलेले घर परत करावे लागते. तेव्हा सोडतीचा अर्ज भरण्यापूर्वीच पगार बँक खात्यात जमा करून घेण्याचा आग्रह ठेकेदाराकडे धरावा आणि अधिवास प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे.

प्रश्न : आमच्या वस्तीत झोपडपट्टी पुनर्वसन योजना येत आहे. आम्ही ही खोली 2006 साली विकत घेतली. परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे पात्र-अपात्र रहिवाशांच्या यादीत, आमच्या नावापुढे ‘अपात्र’ असा शेरा आला आहे. आमच्याच खोलीच्या माळ्यावर माझी विधवा नणंद दोन मुलांसह वेगळी चूल मांडून राहते. तिचे तर नावच यादीत नाही. वीस वर्षे एका जागी राहूनही आम्ही बेघर होणार का? – एक गृहिणी, घाटकोपर, मुंबई

उत्तर : ताई, आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यातल्या पहिल्याला बऱ्यापैकी आशादायक उत्तर आहे, दुसऱ्याला मात्र नाही, हे आधीच सांगतो.

मुंबईत पुनर्वसनाच्या घराचा हक्क तारखेवर ठरतो. 1995 साली योजना आली तेव्हा 1 जानेवारी 1995 ही तारीख होती. पुढे ती 1 जानेवारी 2000 झाली. त्या तारखेपूर्वीच्या झोपडीतील रहिवाशाला घर मोफत मिळते. त्यानंतरच्या, परंतु 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या झोपडीतील रहिवाशाला सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे आणि 2023 च्या शासन निर्णयाने ती रक्कम अडीच लाख रुपये ठरवली आहे. आपण खोली 2006 साली घेतली असली, तरी खोली स्वतः 2000 पूर्वीची असेल, तर आपल्याला ज्यांनी ती विकली त्यांच्या नावाचे त्या काळातले पुरावे फार मोलाचे ठरतात : 1995 किंवा 2000 च्या मतदार यादीतील नाव, जुने वीजबिल, फोटोपास, शिधापत्रिका. जुन्या धारकापासून आपल्यापर्यंतची ही साखळी आणि आपल्या आजच्या वास्तव्याचे पुरावे एकत्र लावून अपील करावे. अपिलाला मुदत असते, म्हणून ज्या दिवशी यादी वस्तीत चिकटवली गेली त्या दिवशीचे तारखेसह छायाचित्र काढून ठेवावे. जुन्या पुराव्याच्या बाबतीत अपील अपुरे पडले, तरी 2011 च्या तारखेच्या आधाराने सशुल्क घराची मागणी त्याच अर्जात पर्यायी म्हणून करून ठेवावी. पुष्कळ जण ती करत नाहीत आणि नंतर वेगळा अर्ज घेऊन फिरत राहतात.

पात्र ठरल्यावर एका गोष्टीवर अडून राहा. पुनर्वसनाची सदनिका पती आणि पत्नी या दोघांच्या संयुक्त नावावर असावी, असे मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतच म्हटले आहे आणि सोसायटीच्या भागदाखल्यावरही दोन्ही नावे यायला हवीत. प्रत्यक्षात करारनाम्याच्या वेळी घाईघाईने एकाच नावावर सही घेतली जाते. ‘मिस्टरांची सही पुरेशी आहे’ असे कोणी म्हणाले, तर ते ऐकू नये.

आता नणंदेविषयी. मुंबईतील योजनेत सामान्यतः तळमजल्यावरची झोपडी मोजली जाते. माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला स्वतंत्र घराचा हक्क मिळत नाही. ज्या शहरात दहा बाय बाराच्या खोलीवर लोखंडी शिडीने चढून तीन माणसांचा संसार चालतो आणि त्या माळ्याचे भाडे दर महिन्याला चुकते केले जाते, तेथे सर्वेक्षण करणाऱ्याने शिडीच्या पायथ्याशी थांबावे आणि वरच्या माणसांची नोंद करू नये, हे मला अन्यायाचे वाटते. माळ्यावर राहणारे बहुतेक जण भाडेकरू, विधवा, परित्यक्ता किंवा नव्याने कामाला आलेले तरुण असतात, म्हणजे वस्तीतल्या गरिबांतलेही सर्वांत गरीब. धारावीच्या प्रकल्पात वरच्या मजल्यावरील रहिवाशांना भाड्याची किंवा हप्त्यांनी घ्यायची घरे देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले आहे, म्हणजे त्यांना मोजणे अशक्य नाही, हे सरकारनेच मान्य केले आहे. मग ते घाटकोपरला का होऊ नये, हा प्रश्न आपल्या वस्तीने सामूहिक निवेदनातून विचारला पाहिजे. तोपर्यंत नणंदेने आपले आधार कार्ड, मतदार नोंद, मुलांचे शाळेचे दाखले आणि गॅसची नोंदणी याच पत्त्यावर ठेवावी आणि सर्वेक्षणाच्या वेळी आपले स्वतंत्र कुटुंब नोंदवून घेण्याची लेखी मागणी करावी. आज त्याचा लाभ मिळेल असे मी म्हणणार नाही. उद्या धोरण बदलले, तर ज्यांची नोंद आहे त्यांचाच विचार होतो.

एक गोष्ट आपल्या पत्राच्या निमित्ताने नोंदवतो. सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या जुलैमध्ये, 1971 च्या झोपडपट्टी अधिनियमाची अंमलबजावणी प्रत्यक्षात कशी चालली आहे, याची तपासणी करण्यास मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले. कायदा पन्नास वर्षांहून जुना झाला आणि तरी त्याखालचे खटले संपत नाहीत, याची ती दखल होती. आपल्या वस्तीतील अनुभव अशा तपासणीपुढे आले पाहिजेत.

प्रश्न : आम्ही 2012 साली गुंठेवारीत (मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या भूखंडांत) दीड गुंठा जागा घेऊन घर बांधले. आता महापालिका म्हणते की बांधकाम अनधिकृत आहे. काय करावे? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : 2001 चा गुंठेवारी नियमितीकरणाचा अधिनियम 2021 साली दुरुस्त झाला आणि 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारी विकासाला त्याचा लाभ देण्यात आला, त्यामुळे आपले 2012 चे घर तारखेच्या दृष्टीने बसते. जागा आरक्षणात, रस्त्याच्या रुंदीकरणात किंवा नाल्याच्या पात्रात नाही, एवढे आधी विकास आराखड्यावरून तपासावे आणि मगच वास्तुविशारदामार्फत प्रस्ताव दाखल करून शुल्क भरावे. खरेदीखत नसून केवळ शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचा करार असेल, तर मालकी सिद्ध करण्यात अडचण येईल. अशा वेळी मालमत्ता कराच्या पावत्या आणि वीजजोडणीची तारीख उपयोगी पडते, पण त्या मालकीचा पुरावा ठरत नाहीत.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करणारी अविवाहित तरुणी आहे. भाड्याचे घर शोधताना आडनाव विचारले जाते, खाण्याविषयी विचारले जाते, आणि शेवटी ‘सोसायटीचा नियम आहे, बॅचलर चालत नाहीत’ असे सांगून नकार मिळतो. माझ्या मुस्लिम सहकाऱ्याला तर दलाल घर दाखवायलाही नेत नाही. महापालिका यात काही करू शकत नाही का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपण जे लिहिले आहे ते पुण्यात, मुंबईत आणि आता लहान शहरांतही सर्रास घडते. दुर्दैवाने, घर भाड्याने देताना किंवा विकताना जात, धर्म, वैवाहिक स्थिती किंवा आहार यांवरून भेदभाव करू नये, असे सांगणारा स्वतंत्र आणि व्यापक कायदा आपल्या देशात नाही. संविधानाच्या अनुच्छेद 15 मधील भेदभावाची मनाई प्रामुख्याने शासनाला लागू होते. खासगी घरमालक त्याच्या कक्षेत सहजासहजी येत नाही. उलट, अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारी उपविधी वैध ठरवली. त्या निकालाचा आधार घेऊन आजही अनेक संस्था आपल्या दारावर अलिखित पाटी लावतात.

तरीही हात पूर्णपणे बांधलेले नाहीत. नकार अस्पृश्यतेच्या कारणाने असेल, तर नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 चे कलम 4 कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास केलेला अटकाव गुन्हा ठरवते. खरेदीदाराच्या बाबतीत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 असे सांगतो की पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नकार लेखी घ्यावा आणि उपनिबंधकांकडे अपील करावे. भाडेकरूच्या बाबतीत ‘सोसायटीचा नियम’ हा बहुधा बहाणा असतो. आदर्श उपविधींनुसार सभासदाने घर भाड्याने देताना संस्थेची पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही, तिला कळवावे लागते. घर भाड्याने दिल्याबद्दल संस्था जे बिनवापर शुल्क घेते, तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. तेव्हा दलाल ‘सोसायटीचा नियम’ म्हणाला, तर सर्वसाधारण सभेचा तो ठराव दाखवण्याची मागणी मालकाकडे करावी. मालकाला घर द्यायचेच असेल, तर या एका मागणीनेही पुष्कळदा गाडी पुढे सरकते. आणि घर मिळाल्यावर करारनाम्याची नोंदणी व्हायलाच हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 नुसार ती जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळल्यास शिक्षेची तरतूद आहे.

महापालिकेविषयीच्या आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. मांसाहारी कुटुंबांना घर नाकारणाऱ्या विकासकांवर कारवाई करावी, अशी ठरावाची सूचना 2014 साली मुंबई महापालिकेच्या सभागृहात आली होती. सभागृहात तिला पाठिंबा मिळाला, पण अशी कारवाई करण्याचा अधिकार कायद्याने महापालिकेला दिलेला नाही, अशी भूमिका प्रशासनाने घेतली. कायद्याच्या काटेकोर भाषेत प्रशासनाचे म्हणणे चूक नव्हते. परंतु इमारत उभी राहते ती महापालिकेच्या परवानगीवर. जादा चटईक्षेत्र, हस्तांतरणीय विकास हक्क (एका जागेवरचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेवर वापरण्याची मुभा), अधिमूल्यातील (जादा बांधकामासाठी भरायच्या रकमेतील) सवलत, सरकारी जमिनीचा भाडेपट्टा : यांतले काही ना काही बहुतेक मोठ्या इमारतींनी सार्वजनिक खजिन्यातून घेतलेले असते. सवलत घेताना इमारत सार्वजनिक हिताची आणि घर देताना मात्र पूर्णपणे खासगी, ही मांडणी मला मान्य नाही. परवानगीच्या अटींमध्ये पाणी, अग्निशमन आणि वाहनतळ यांच्या जोडीला भेदभाव न करण्याची अट घालण्यासाठी राज्य सरकारने नियमावलीत दुरुस्ती करावी, ही मागणी पूर्णपणे व्यवहार्य आहे. राज्याच्या 2025 च्या गृहनिर्माण धोरणात नोकरदार महिला आणि विद्यार्थी यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा विचार झाला आहे, ही चांगली गोष्ट आहे; पण घरे बांधूनही दारात आडनाव विचारले जाणार असेल, तर त्या घरांचा उपयोग निम्म्यांनाच होईल.

प्रश्न : माझे वडील परळच्या गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर आम्ही गावी परतलो. वारस म्हणून घरासाठी अर्ज केला, त्याला आता बरीच वर्षे झाली. गिरण्यांच्या जागेवर टॉवर उभे राहिले, मग आमच्यासाठी जागा नाही असे का सांगितले जाते? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : याचे उत्तर एका नियमाच्या एका दुरुस्तीत आहे आणि ते प्रत्येक गिरणी कामगाराच्या घरात माहीत असायला हवे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम क्रमांक 58 मूळ स्वरूपात असा होता की गिरणी मालकाला जमीन विकसित करायची असेल, तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे करावेत : एक महापालिकेला मैदाने आणि उद्यानांसाठी, एक म्हाडाला सामान्यांच्या घरांसाठी आणि एक मालकाला. मुंबईतल्या 58 गिरण्यांची मिळून सुमारे 600 एकर जमीन शहराच्या मध्यावर होती. म्हणजे या नियमाने गिरणगावातच सामान्य माणसांच्या घरांसाठी मोठा हिस्सा मिळाला असता. 2001 साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ मोकळ्या, म्हणजे ज्यावर बांधकाम नाही अशा जमिनीची करायची, असे ठरले. गिरणीचे आवार म्हणजे खाते, गोदाम, चिमणी, बॉयलर हाऊस. मोकळी जागा असते ती त्यांच्यामधली. जुन्या शेडखालची जमीन शेड पाडल्यावरही मालकाकडेच राहिली आणि म्हाडा व महापालिका यांचे वाटे फार आक्रसले. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 च्या ऑक्टोबरमध्ये या अन्वयार्थाच्या विरोधात निकाल दिला, पण 2006 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2001 ची दुरुस्ती ग्राह्य धरली आणि विषय तेथेच संपला.

त्याचे परिणाम आकड्यांत दिसतात. गिरणी कामगार आणि वारसांच्या घरांच्या सोडती 2012 साली 6,925 घरांसाठी, 2016 साली 2,634 घरांसाठी आणि 2020 साली 3,894 घरांसाठी निघाल्या. तिन्ही मिळून साडेतेरा हजारांच्या आत घरे होतात आणि अर्जदार दीड लाखांच्या आसपास आहेत. 2016 ची बहुतेक घरे तर पनवेलजवळच्या कोन येथे होती. अलीकडे कर्जत-बदलापूर पट्ट्यातील शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आली असून, अनेक कामगार संघटनांनी तिला मुंबईबाहेर घालवणारी योजना म्हणून विरोध केला आहे.

हा विरोध हट्टाचा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी माहुलचे उदाहरण आठवावे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतील कुटुंबांना महापालिकेने 2017 च्या सुमारास तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, माहुलमध्ये पाठवले. लोक आजारी पडले, कामे सुटली, शाळा लांब गेल्या. अखेर 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगून, दरमहा 15,000 रुपये भाडे आणि 45,000 रुपये अनामत देण्याचा आदेश दिला. कागदावर त्यांना पक्के घर मिळालेले होते. घर कोठे आहे, हा प्रश्न ते मिळण्याइतकाच महत्त्वाचा आहे, हे न्यायालयाला सांगावे लागले.

आपल्या अर्जाबाबत : पात्रता निश्चितीसाठी वडिलांचे तिकीट, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, कर्मचारी विमा योजनेचे कार्ड, पगाराची पावती यांपैकी जे असेल ते म्हाडाकडे जमा झाले आहे का, याची खात्री करावी. गावी असणाऱ्या अनेक वारसांचे अर्ज केवळ कागद न पोहोचल्यामुळे पडून असतात. भावंडे एकाहून अधिक असतील, तर आपसांतील संमतिपत्र आताच करून ठेवावे; घर लागल्यावर ते करणे फार अवघड जाते. शेलू-वांगणीसाठी संमती मागणारे कोणतेही पत्र किंवा अर्ज आला, तर नाकारल्यास मूळ अर्जाचे काय होणार, हे लेखी विचारल्याशिवाय सही करू नये.

प्रश्न : आमच्या शहराच्या विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले आहे. हरकत घेऊन खरेच काही होते का? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : होते. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचे पहिले प्रारूप 2015 च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाले आणि त्याविरुद्ध इतका गदारोळ उठला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी ते मागे घ्यायला लावले. नवे प्रारूप 2016 साली आले आणि 2018 साली आराखडा मंजूर झाला. लहान शहरात एवढी ताकद उभी राहणार नाही, पण तेथे हरकतींची संख्याही कमी असते आणि प्रत्येक हरकत वाचली जाण्याची शक्यता अधिक असते. शिवाय निवडणुका लांबल्यामुळे राज्यातल्या अनेक महापालिका 2022 नंतर वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. ज्या शहरात नगरसेवकच नव्हता, तेथे लेखी हरकतीचे महत्त्व आणखी वाढले.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत हरकत द्यावी लागते. तीत ‘गरिबांसाठी घरे हवीत’ असे न लिहिता, कोणत्या गट क्रमांकावरचे कोणते आरक्षण बदलले, जुन्या आराखड्यात तेथे गृहनिर्माणाचे आरक्षण होते का, आज तेथे किती कुटुंबे राहतात आणि आपली मागणी नेमकी काय आहे, एवढे लिहावे. सध्याच्या वापराची छायाचित्रे आणि जुन्या व नव्या नकाशांचे कात्रण जोडावे. सुनावणीची मागणी हरकतीच्या शेवटच्या ओळीत स्पष्ट शब्दांत करावी, कारण नियोजन समितीपुढे प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी तिथेच मिळते. वस्तीतल्या प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र हरकत द्यावी; शंभर सह्यांचे एक निवेदन ही नोंदवहीत एकच हरकत ठरते. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.